मतदारयादीतील नाव आणि महाविद्यालयीन विद्यार्थी



पेडणे महालातील आमच्या वाड्यावर ७ मे २०२४ रोजी, म्हणजे लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी, एक लहानसा प्रसंग घडला. तो सांगूनच आजच्या विषयास आरंभ करतो.

आमच्या शेजारचा एक मुलगा त्या वेळी पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. मत द्यावयाचे म्हणून तो रात्रभर बसमध्ये बसून पहाटे पत्रादेवीला उतरला. घरी येऊन त्याने आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि आजीला हाताशी धरून गावच्या शाळेतील मतदान केंद्रावर गेला. आजीचे नाव यादीत होते. तिने मत दिले, बोटाला शाई लावून घेतली आणि ती बाहेर येऊन बाकावर बसली. मुलाचे नाव मात्र यादीत नव्हते. त्याच्या खिशात छायाचित्राचे मतदार ओळखपत्र होते. ते त्याने दोनदा काढून दाखविले. केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी त्याला शांतपणे समजावून सांगितले की, ओळखपत्र हे तुम्ही कोण आहात याचा पुरावा होय. मत देण्याचा अधिकार यादीतील नावाने मिळतो, ओळखपत्राने नव्हे. मुलगा परत फिरला. त्याच रात्री त्याची पुण्याची गाडी होती.

पुढे शोध घेता उलगडा झाला तो असा. आदल्या वर्षी यादीची तपासणी करणारा कर्मचारी घरी आला असता आजी एकटीच होती. नातू कुठे, असे त्याने विचारले. आजीने खरे तेच सांगितले: “तो हांगा रावना, पुण्याक आसता.” कर्मचाऱ्याने कागदावर ‘स्थलांतरित’ अशी नोंद केली. नंतर एक नोटीस आली; ती वाशात खोचलेल्या विजेच्या बिलांमध्ये जाऊन बसली आणि कोणीच वाचली नाही. आजी खोटे बोलली नाही, कर्मचाऱ्याने ऐकले तेच लिहिले, आणि तरीही एका सुशिक्षित मुलाचे नाव यादीतून गेले.

मी या महालात पुष्कळ वर्षे शिक्षकी केली. विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्र शिकविले, संसदेची दोन सभागृहे कोणती हे घोकून घेतले. परंतु आपले नाव यादीत कसे येते, ते कसे टिकते आणि एकदा आले म्हणजे त्याचा उपयोग काय, हे मी वर्गात कधी शिकविले नाही. पाठ्यपुस्तकात ते नव्हते, हे खरे. पण ते काही समर्थन नव्हे.

आपल्या गोव्यात यादी ही वस्तू तशी नवीच. पोर्तुगीज अमदानीत पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले जात. सालाझारच्या राजवटीत सामान्य रयतेला राज्यकारभारात विचारतो कोण! ज्या पत्रादेवीला आमचा हा मुलगा पहाटे उतरला, तिथेच १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेसाठी पहिले मतदान झाले. त्या निवडणुकीनंतर पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हे जन्माने आमच्या पेडण्याचेच. ज्या घरांतील कोणी कधी मत दिले नव्हते, त्या घरांतील माणसे त्या दिवशी रांगेत उभी राहिली.

मला स्वतःला आठवतो तो १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, हा प्रश्न होता. विलीनीकरणाचे चिन्ह फूल आणि वेगळेपणाचे दोन पाने. आम्हा मुलांना तो खेळच वाटे. पाटीवर फुले आणि पाने काढून आम्ही आपापसांत भांडत होतो. आमच्या भागात फुलाचा जोर फार. निकाल मात्र दुसऱ्या बाजूने लागला: केंद्रशासित राहावे म्हणणाऱ्यांची १,७२,१९१ मते, विलीनीकरणाची १,३८,१७०. अंतर ३४,०२१ चे. माझ्या वडिलांनी शिक्का फुलावर मारला की पानांवर, हे त्यांनी अखेरपर्यंत घरात कोणाला सांगितले नाही. आईने पुष्कळदा विचारून पाहिले. “ते विचारायचे नसते,” एवढेच ते म्हणत. एका गरीब कुळाच्या मनात काय आहे हे विचारण्याचा अधिकार आता भाटकारालाही उरला नाही, ही गोष्ट त्यांना फार मोलाची वाटत असावी. मला ते कळायला मात्र बरीच वर्षे जावी लागली.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. १९७८-७९ च्या सुमारास मी म्हापशाला महाविद्यालयात शिकत होतो. तेव्हा कदंब परिवहन महामंडळ अजून स्थापन व्हावयाचे होते. ते आले १९८० साली. पेडण्याहून, डिचोलीहून रोज बसने येणाऱ्या मुलांच्या घरी बसभाडे हाच शिक्षणाचा मोठा खर्च असे. विद्यार्थ्यांना अर्ध्या भाड्यात प्रवास करता यावा यासाठी गोव्यात तेव्हा मोठे आंदोलन झाले आणि ५० टक्क्यांची ती सवलत विद्यार्थ्यांनी मिळविली. मीही घोषणा देत फिरलो. परंतु त्या गर्दीतील बहुतेकांना मत नव्हते; मतदानाचे वय तेव्हा २१ होते. आमदाराला पत्र लिहावे, भेटावे, असे आम्हाला सुचलेच नाही असे नव्हे. पण ज्याच्या यादीत आपले नाव नाही त्याने आपले का ऐकावे, असा प्रश्न आमच्यातील शहाणे लोक विचारीत, आणि त्याला उत्तर नव्हते. रस्त्यावर उतरण्यावाचून आम्हाला दुसरा दरवाजा नव्हता.

माझे एकविसावे वर्ष १९७९ च्या मध्यावर पूर्ण झाले. १९८० च्या जानेवारीत लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका झाल्या. मी मोठ्या उमेदीने चौकशी केली. उत्तर मिळाले की वय १ जानेवारी १९७९ रोजी मोजलेले आहे, त्या दिवशी तुम्ही वीस वर्षांचे होता. पुढची विधानसभा निवडणूक आली ती १९८४ च्या अखेरीस. अशा रीतीने विधानसभेसाठीचे माझे पहिले मत मी सव्वीस वर्षे पूर्ण झाल्यावर दिले. वर्षातून एकच दिवस वय मोजण्याचा तो नियम असा होता.

आजच्या विद्यार्थ्यांची स्थिती पुष्कळच निराळी आहे. घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. ती दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसभेची व घटकराज्य झालेल्या गोव्याच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची मुले प्रथमच रांगेत दिसली. दुसरा बदल तितकाच महत्त्वाचा असून त्याची माहिती फार थोड्यांना आहे. २०२१ साली कायदा बदलला आणि १ ऑगस्ट २०२२ पासून वय मोजण्याचे दिवस एकाऐवजी चार झाले: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. एप्रिलच्या मध्यावर ज्याला अठरा पूर्ण होतात त्याने पुढच्या जानेवारीची वाट पाहावयाची नाही. त्याचे नाव १ जुलैच्या हिशेबाने घेतले जाते. इतकेच नव्हे, सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही देऊन ठेवता येतो. म्हणजे बारावीत असतानाच हे काम उरकून टाकता येते, आणि माझ्या मते तीच वेळ सर्वांत चांगली. कारण मूल तेव्हा घरी असते, शाळेचे दाखले हाताशी असतात आणि पुढे कोण कुठे जाईल याचा नेम नसतो.

अर्ज तो कोणता? नवीन नावासाठी नमुना ६. त्याला एक छायाचित्र, जन्मतारखेचा पुरावा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र चालते. वीजबिल वडिलांच्या वा आजोबांच्या नावे आहे म्हणून मुले अडून बसतात. वास्तविक तसे अडण्याचे कारण नाही. घरातील कोणाचे नाव यादीत असेल तर त्याच्या ओळखपत्राचा क्रमांक अर्जात लिहावा, त्याने काम सोपे होते. अर्ज मामलेदार कचेरीत देता येतो, मतदान केंद्राच्या ज्या कर्मचाऱ्याला सर्वजण बीएलओ म्हणतात त्याच्या हाती देता येतो, किंवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून, मोबाईलवरूनही भरता येतो. पत्ता बदलला, नावात चूक झाली, तर नमुना ८. शंका असल्यास १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे. एक सूचना मात्र आवर्जून करतो: अर्ज केल्याची पोच जपून ठेवावी, आणि नाव आले की नाही हे स्वतः यादी पाहूनच ठरवावे. कार्ड घरी आले म्हणजे झाले, अशी समजूत करून घेऊ नये. शेजारच्या मुलाचे काय झाले ते आपण ऐकलेच. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत नवीन नाव घालता येत नाही. आणि अर्जाच्या चौकशीला काही दिवस लागतातच.

आता खरा विचाराचा प्रश्न येतो. विद्यार्थी शिकतो एका गावी, घर दुसऱ्या गावी. नाव घालावे कोठे? विर्नोड्याच्या सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयात किंवा साखळीच्या सरकारी महाविद्यालयात घरून ये-जा करणाऱ्यांना हा प्रश्न नाही. पण पेडण्याची मुलगी पणजीला वसतिगृहात राहते, डिचोलीचा मुलगा पुण्याला, बेळगावला, कोल्हापूरला असतो. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५० च्या कायद्याने यादीत नाव येते ते माणूस जेथे ‘सामान्यतः राहतो’ तेथे. आणि तोच कायदा असेही सांगतो की तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे राहते ठिकाण सुटत नाही. शिकायला गेलेल्या मुलाचे घर गावातच राहते. त्याचबरोबर निवडणूक आयोगाने वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना निवड दिलेली आहे: शिक्षणक्रम मान्यताप्राप्त आणि निदान वर्षभराचा असेल तर संस्थाप्रमुखाचा दाखला जोडून त्यांना वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदविता येते. दोन्ही मार्ग कायदेशीर आहेत. बेकायदेशीर आहे ते दोन्हीकडे नाव ठेवणे.

आमच्या सीमेवरच्या लोकांना हे निक्षून सांगावे लागते. पेडण्याच्या पलीकडे सावंतवाडी तालुका, डिचोलीच्या पलीकडे दोडामार्ग. नातीगोती, जत्रा, लग्ने दोन्हीकडची एक. मामाच्या घरी राहून बांद्याला शिकलेल्या मुलाचे नाव तिकडेही आणि इकडेही, असे होण्यास वेळ लागत नाही. पुष्कळांना त्यात चातुर्य वाटते. तो अपराध आहे. अर्जातील खोट्या निवेदनाबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे; आणि दाखला, नोकरी, पारपत्र यांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाने हा धोका कशासाठी पत्करावा?

निवड करावयाचीच तर माझा कल कुठे आहे ते लपवीत नाही. गावाकडे. याचे कारण भावनेचे नाही, निदान केवळ भावनेचे नाही. पंचायतीच्या क्षेत्रातील मतदारयादीत ज्याचे नाव, तोच ग्रामसभेचा सभासद. गावातील डोंगरउतारावर बांधकाम व्हावे की न व्हावे, कचऱ्याची जागा कोणती, कोणत्या वाड्याला नळ आधी, हे प्रश्न ग्रामसभेत निघतात. ग्रामसभा असते बहुधा रविवारी. म्हणजे पणजीच्या वसतिगृहातील मुलगीही शनिवारच्या बसने येऊन तिला बसू शकते. मोपाचा विमानतळ झाल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, पेडण्याच्या जमिनीकडे साऱ्या जगाचे डोळे लागले आहेत. अशा वेळी सभेला वीस-पंचवीस वृद्ध माणसे आणि दोन-तीन हितसंबंधी मंडळी एवढीच असावीत, आणि नकाशा वाचता येणारी, इतिवृत्त तपासता येणारी मुले परगावच्या यादीत असावीत, हे मला पटत नाही. पेडणे, डिचोली, साखळी या शहरांत ग्रामसभा नाही, तिथे नगरपालिका आहे. तेथील विद्यार्थ्यांचे गणित थोडे वेगळे होईल. ज्या विद्यार्थिनीला पणजीतच चार-पाच वर्षे राहावयाचे आहे, तिथल्याच पाण्यासाठी आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी भांडावयाचे आहे, तिने तिकडे नाव नेले तर मी तिला दोष देणार नाही. मात्र आधीचे नाव तिथून काढले गेले की नाही हे तिने पाहावे.

एका मताने काय होते, हा प्रश्न मला वर्गात हमखास विचारला जाई. गोव्याचे मतदारसंघ लहान आहेत. एकेकात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत साखळीचा निकाल ६६६ मतांनी लागला, मांद्र्याचा ७१५ मतांनी आणि डिचोलीचा अवघ्या ३१८ मतांनी. एखाद्या मध्यम महाविद्यालयाचा पट याहून मोठा असतो. निवडून येणाऱ्याला हे आकडे पाठ असतात. मते मागणारांना ठाऊक असलेली गोष्ट मत देणारांना ठाऊक नसावी, हे मला चमत्कारिक वाटते.

येथवर यादीचे झाले. पण मत हे पाच वर्षांतून एकदा. मधल्या दिवसांचे काय? आपल्याकडे तरुण आमदाराच्या घरी जातो तो बहुधा एकाच कामासाठी, आणि ते काम म्हणजे सरकारी नोकरी. सकाळी सातला दारात रांग, हातात अर्जाची प्रत, बरोबर गावातील एखादा वजनदार गृहस्थ. त्या रांगेतील मुलांना मी नावे ठेवीत नाही. पोटाचा प्रश्न आहे. परंतु त्या दारात उभे राहिलेल्या माणसाची भूमिका मागणाऱ्याची असते, विचारणाऱ्याची नसते. मागणारा उपकारात राहतो. पुढे गावाचा प्रश्न निघाला की त्याची मान खाली असते. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना म्हणत असे, आमदाराशी तुमचा पहिला व्यवहार स्वतःच्या कामाचा नसू द्या. प्रथम सार्वजनिक गोष्ट विचारा. मग पुढे काय मागावयाचे ते तुमचे तुम्ही पाहा.

एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी डिचोली महालातील चार मुली माझ्याकडे आल्या. त्यांचे प्रात्यक्षिकाचे तास सव्वापाचला सुटत आणि गावाकडची शेवटची बस पाचला निघे. आठवड्यातून तीन दिवस त्यांना अर्ध्या वाटेवर उतरून अंधारात पायी जावे लागे. एकीच्या वडिलांनी तिला महाविद्यालयातून काढावयाचे ठरविले होते. आमदारांना द्यावयाचे निवेदन त्यांनी लिहून आणले होते. दोन पृष्ठे. आरंभी स्वातंत्र्यसैनिकांना वंदन, नंतर ‘आम्ही भारताचे भावी आधारस्तंभ’, नंतर स्त्रीशिक्षणाचे महत्त्व. बसची वेळ शेवटच्या परिच्छेदात, तीही चुकीची. आम्ही ते सगळे काढून टाकले. नऊ ओळी उरल्या: कोणती बस, कोठून कोठे, किती वाजता निघते, किती वाजता निघावयास हवी, किती विद्यार्थिनींना गरज आहे, बसच्या चालकाशी आधी बोलणे झाले त्याचे उत्तर काय मिळाले, आणि आपण हे कधीपर्यंत कळवाल. खाली अठरा जणींची नावे, गाव, प्रभाग, आणि ज्यांचा होता त्यांचा यादीतील भाग व अनुक्रमांक. त्या अठरांपैकी सातजणींची नावे यादीतच नव्हती. निवेदनापूर्वी त्यांनी नमुना ६ भरला, हा त्या बसचा एक आनुषंगिक लाभ.

पत्र मराठीत होते. मराठीत किंवा कोकणीत लिहिण्याचा संकोच मुलांना का वाटतो कोण जाणे. निवडणुकीत जी भाषा बोलली जाते तिच्यात पत्र का लिहू नये? पत्राची एक प्रत हाती ठेवून दुसरीवर पोच घेतली. तीन आठवडे काही झाले नाही. मग त्याच पत्राचा क्रमांक व तारीख घालून तीन ओळींचे स्मरणपत्र गेले. त्यानंतर आमदारांच्या घरून दूरध्वनी आला आणि पुढच्या सोमवारपासून बस साडेपाचला निघू लागली. मे महिन्याच्या सुट्टीनंतर ती पुन्हा पाचला सुटू लागली, हेही सांगितले पाहिजे. मुलींनी पुन्हा लिहिले. दुसऱ्या खेपेस त्यांना माझी गरज लागली नाही.

कोणाला काय विचारावे हे ठाऊक असले म्हणजे अर्धा वेळ वाचतो. गटार, रस्त्यावरचा दिवा, कचरा, बांधकामाचा परवाना, हे पंचाचे आणि सरपंचाचे. बस, महाविद्यालय, इस्पितळ, नळाचे पाणी, राज्याचे कायदे, हे आमदाराचे. रेल्वे आणि केंद्राची खाती यांसाठी खासदार. त्यांच्या स्थानिक विकास निधीत वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतच्या कामांची शिफारस त्यांना करता येते, खर्च मात्र जिल्हा प्रशासनाच्या हातून होतो. आमदाराच्या हाती पर्वरीच्या विधानसभेत आणखी एक साधन आहे, ते म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न निघतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. अधिवेशनाच्या पुष्कळ आधी विद्यार्थ्यांनी आकडे आणि तारखा घालून एखादी गोष्ट आमदाराच्या हाती दिली, तर तो प्रश्न विचारण्याचा संभव वाढतो. आपले आमदार विरोधी बाकांवर असतील तर अधिकच; त्यांना विषय हवेच असतात. आणि आपण ज्यांना मत दिले नाही तेच निवडून आले तरी पत्र त्यांनाच लिहावयाचे. ते साऱ्या मतदारसंघाचे प्रतिनिधी आहेत आणि तुमचे मत कोणाला गेले हे त्यांना ठाऊक नाही; माझे वडील म्हणत तसे, ते विचारायचे नसते.

चिकाटीचे बोलावयाचे तर डिचोली महालातीलच मये गावाचे नाव घ्यावे लागेल. मुक्तीनंतर तेथील जमीन परागंदा मालकाची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेली. १९६४ साली तसा कायदा झाला. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारे, शेती करणारे लोक मतदार होते, पण पायाखालच्या जमिनीचे मालक नव्हते. घर दुरुस्त करावयाचे तर कागद नाही, कर्ज काढावयाचे तर कागद नाही. पंचायतीपासून विधानसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक प्रतिनिधीपुढे मयेकरांनी हा एकच प्रश्न ठेवला. मालकी हक्कांचा कायदा झाला तो २०१४ साली, पन्नास वर्षांनी, आणि सनदा हाती पडण्यास त्यानंतरही वर्षे लागली. ज्यांनी पहिली निवेदने लिहिली त्यांतील कित्येकजण तोवर हयात नव्हते.

आमच्या शेजारच्या मुलाची हकीकत अपुरी राहिली. त्या मे महिन्यात मत न देता तो पुण्याला गेला खरा, पण गणेशचतुर्थीला घरी आला तेव्हा मीच त्याला नमुना ६ भरावयास बसविले. नवीन नाव आले. दोघांनी मिळून यादीत पाहून खात्री केली. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यासह देशातील काही राज्यांत याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले आणि घरोघरी छापील अर्ज वाटले गेले. मुलगा शेवटच्या वर्षाला, परीक्षेत अडकलेला. घरी पुन्हा आजी एकटीच. कर्मचारी दाराशी आलेला पाहून मी लगबगीने कुंपणापाशी गेलो. तोवर आजीचे उत्तर देऊन झाले होते: “तो शिकपाक गेला. घर हेंच ताचें.” घरातील मोठ्या माणसाने सही केली तरी चालते, असे कर्मचाऱ्याने सांगितले. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, “मास्तर, चष्मा घेऊन या, आधी वाचून दाखवा,” आणि मी पूर्ण अर्ज वाचून दाखविल्यावरच तिने पेन हातात घेतले.